चांगली साके गारच प्यायची असते का?

पुण्याहून एकांनी विचारलंय: टोकियोच्या नारिता विमानतळावरून आणलेली जुनमाई दाइगिंजो (साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू, तिचा एक उंची प्रकार) घरी मायक्रोवेव्हमध्ये कढत करून प्यायली, तर नाकात नुसता स्पिरिटचा वास गेला आणि तोंड कडू झालं. मग चांगली साके गारच प्यायची असते का? जपानी लोक गरम पितात ती कोणती? घरच्या घरी वेगवेगळ्या तापमानांना चव कशी घेऊन बघायची? पुढच्या वेळी कोणती बाटली आणायची, आणि उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय करायचं?

आधी सरळ उत्तर देते. ‘चांगली ती गार, साधी ती गरम’ हा समज चुकीचा आहे. तुमच्या बाटलीत खोट नव्हती, आणि साके गरम करणं हाही गुन्हा नाही. फक्त त्या जातीची साके त्या तापमानाला न्यायची नव्हती, आणि मायक्रोवेव्हने उरलेली वाट लावली. साके किती गरम करावी हे किमतीवरून ठरत नाही. तिच्यात कोणतं आम्ल आहे, कसला सुवास आहे आणि ती किती मुरली आहे, यावरून ते ठरतं. टोकियोतल्या इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या साध्या जपानी ठिकाणी, काउंटरमागे उभं राहून साके गरम करून देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. तिथे या कामाच्या माणसाला ओकानबान म्हणतात. आता मी चाखण्याचे वर्ग घेते. हा प्रश्न वर्गात हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साके गरम करून पिणं ही जपानची फार जुनी रीत आहे. लुईस फ्रोइस नावाचा पोर्तुगीज पाद्री १५६१ मध्ये गोव्यात दीक्षा घेऊन पुढे १५६३ मध्ये जपानला पोचला. युरोपच्या आणि जपानच्या चालीरीती शेजारी शेजारी मांडताना त्याने १५८५ मध्ये नोंदवलंय की आमच्याकडे वाइन गार करतात, इथे जवळजवळ वर्षभर गरम करून पितात. तेव्हा गरम साके म्हणजे कमी प्रतीची, असं कुणाच्या मनातही नव्हतं.

हा समज आला दुसऱ्या महायुद्धानंतर. तांदळाची टंचाई होती, म्हणून थोड्याशा साकेत बाहेरचा मद्यार्क, साखर आणि आम्लं घालून ती तिप्पट करायची पद्धत सरकारच्या संमतीने सुरू झाली. तिला सान्झोशु म्हणत. तिची चव उथळ आणि चिकट गोड असे, आणि कढत असताना तिचे दोष कमी खुपत. परदेशातल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये बरीच वर्षं अशीच स्वस्त साके वाफाळत्या तोक्कुरीतून, म्हणजे अरुंद मानेच्या छोट्या सुरईतून, मिळत राहिली. मग १९८० च्या दशकात गिंजोची लाट आली. तांदूळ खूप घासून, कमी तापमानाला सावकाश आंबवून काढलेली ही साके फळांसारख्या वासाची होती आणि गार करूनच छान लागायची. एका बाजूला कढत सान्झोशु आणि दुसऱ्या बाजूला गार गिंजो, अशी तुलना होऊन तो नियम लोकांच्या डोक्यात बसला. २००६ च्या कायदाबदलानंतर तशी तिप्पट केलेली दारू साके या नावाखाली विकता येत नाही. नियम मात्र अजून टिकून आहे.

आता गरम केल्यावर नेमकं काय बदलतं ते बघू. पहिला बदल जिभेवर होतो. गोड, कडू आणि उमामी (मुरलेल्या रश्श्यासारखी भरीव, रुचकर चव) या तीन चवींचा संदेश पुढे नेणारी एक वाहिनी, टीआरपीएम-५, चवीच्या पेशींमध्ये असते आणि ती उष्णतेने जास्त जोरात काम करते. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवलं, आणि १५ ते ३५ अंश सेल्सिअस या टप्प्यात हा फरक मोठा असतो. त्यामुळे फ्रिजमधून काढलेली साके अळणी वाटते आणि कोमट झाली की तीच गोड, भरीव लागते. पण कडूपणाही त्याच वाहिनीतून येतो हे लक्षात ठेवा. साकेत गोडवा आणि उमामी भरपूर असेल तर गरम केल्यावर त्यांचं पारडं जड होतं. ते नसेल तर कडूपणाच वर येतो.

दाइगिंजोचं नेमकं हेच होतं. दाइगिंजोसाठी तांदळाचा दाणा घासून निम्मा किंवा त्याहून कमी ठेवतात. प्रथिनं आणि मेद मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या थरांत असतात, ते निघून जातात. त्यामुळे साके नितळ, हलकी होते, पण उमामी देणारी अमिनो आम्लंही तिच्यात कमी राहतात. तिचा सगळा डौल सुवासात असतो. सफरचंदाची आठवण करून देणारा इथाइल कॅप्रोएट आणि केळ्यासारखा आयसोअमाइल ॲसिटेट ही त्यातली मुख्य संयुगं. दहा-बारा अंशांना हा वास हळूहळू वर येतो आणि सुरेख वाटतो. पन्नास अंशांना तोच एकदम उसळतो, जड होतो आणि त्याच्याबरोबर मद्यार्काची वाफ नाकात शिरते. खाली त्याला तोलून धरायला काही नसतं. तुम्हाला आलेला कडवटपणा हा असा आला.

दुसऱ्या टोकाला किमोतो आणि यामाहाई या पद्धतीच्या साके आहेत. साकेचं मूळ विरजण, म्हणजे शुबो, तयार करताना आंबटपणा लागतो, नाहीतर नको ते जंतू वाढतात. आजच्या बहुतेक साकेत तयार लॅक्टिक आम्ल बाहेरून घालतात आणि शुबो साधारण दोन आठवड्यांत होतं. किमोतो आणि यामाहाईत हे आम्ल तयार करायचं काम हवेतल्या, कारखान्यातल्या जिवाणूंवर सोडलेलं असतं. त्याला दुप्पट वेळ लागतो. यातला यामाहाई हा प्रकार १९०९ मध्ये सरकारी मद्य संशोधन संस्थेत विकसित झाला. त्यात तांदूळ वल्ह्यांनी घोटत बसण्याचं किमोतोमधलं कष्टाचं काम गाळलं आहे. अशा साकेत आम्ल जास्त, अमिनो आम्लं जास्त, चव खोल. लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्ल कोमट ते गरम असताना मऊ आणि रुचकर लागतं. सफरचंदातलं मॅलिक आम्ल मात्र गारच छान लागतं, म्हणून मॅलिक आम्ल मुद्दाम वाढवलेल्या नव्या धर्तीच्या साके गरम करायच्या भानगडीत मी पडत नाही.

तापमानांना जपानीत नावं आहेत आणि दुकानात मागायला ती उपयोगी पडतात. ५ अंशांना युकिबिए, १० ला हानाबिए, १५ ला सुझुबिए. २० च्या आसपास, म्हणजे खोलीतल्या तापमानाला, हिया. मग ३० ला हिनाताकान, ३५ ला हितोहादाकान, ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान आणि ५५ च्या पुढे तोबिकिरीकान. यात रोजच्या वापरात नुरुकान, जोकान आणि आत्सुकान हीच जास्त ऐकू येतात. पाच अंशांचा फरक किरकोळ वाटेल, पण ४० आणि ४५ मधला फरक पहिल्यांदा चाखणाऱ्यालाही कळतो.

एक बाटली जवळून बघू. फुकुशिमातल्या निहोनमात्सु गावात दाइशिची नावाचा कारखाना आहे, १७५२ पासूनचा, आणि तो सगळी साके किमोतो पद्धतीनेच करतो. त्यांची साधी जुनमाई (बाहेरचा मद्यार्क न घातलेली) किमोतो मी वर्गात नेहमी वापरते. १० अंशांना ती गप्प असते. वास शोधावा लागतो, जिभेच्या कडांना आंबट-तुरट लागते आणि घोट लवकर संपतो. गार साकेची सवय असलेले लोक इथेच ‘ठीक आहे’ म्हणून पेला खाली ठेवतात. २० ला शिजत्या भाताचा वास येतो, त्यामागे दह्यासारखा हलका आंबूसपणा. ३५ च्या पुढे आंबटपणाचं टोक बोथट होतं आणि चवीत साय आल्यासारखी वाटते. ४० ते ४५ या पट्ट्यात ती पूर्ण उघडते: आधी गोडवा, मग मधोमध उमामीचा मोठा फुगवटा, आणि गिळल्यावर चव स्वच्छ तुटते. हे शेवटचं तुटणं महत्त्वाचं. त्यामुळेच पुढचा घास खावासा वाटतो. ५० ला गोडवा मागे जातो, साके कोरडी आणि धारदार होते. तेलकट माशाबरोबर तशी चालते, नुसती पिताना मला ती जरा खरखरीत वाटते. ५५ ला वाफ नाकात चढते आणि चव विस्कटते.

आता तोक्कुरी तशीच ठेवायची. निवत निवत ती पुन्हा ४३-४२ वर आली की चाखायची. चढताना ४२ ला लागली होती त्याहून ती आता गोल लागते, कारण टोचणारा वास बराचसा उडून गेलेला असतो. याला कानझामाशी म्हणतात. अनेक ओकानबान मुरलेल्या, आडमुठ्या साकेला मुद्दाम ५५-६० पर्यंत नेऊन मग खाली आणतात. मला विचाराल तर साके गरम करण्यातली खरी गोडी इथे आहे. चढताना ती कशी लागते त्यावरून तिचा स्वभाव कळतो, पण निवतानाही ती चांगली लागली तर ती पक्की. काही साके ४५ ला झकास असतात आणि ३८ वर आल्या की पाणचट, आंबट होतात. तशी साके पुढच्या वेळी गरम करून देताना तोक्कुरी लहान घ्यायची, म्हणजे निवायच्या आत संपते.

गरम करायचं कसं, हा भाग नीट वाचा, कारण निम्मा निकाल इथे लागतो. थेट गॅसवर कधीच नाही. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. साकेत ते पाण्यात मिसळलेलं असल्यामुळे इतक्या लवकर उकळत नाही, पण ६० च्या पुढे वाफेबरोबर भराभर निघू लागतं, आणि पातेल्याचा तळ तर त्याहून तापलेला असतो. मायक्रोवेव्हची अडचण वेगळी आहे. तोक्कुरीची मान अरुंद असते, तिथली साके आधी कढते आणि तळाशी गार राहते. तुमचा पहिला घोट त्या कढलेल्या थराचा होता. अगदीच मायक्रोवेव्ह वापरायचा असेल तर १८० मिलि साके रुंद तोंडाच्या मगात घ्या, ५०० वॉटवर वीस-वीस सेकंद ठेवा आणि दरवेळी बाहेर काढून ढवळा.

त्यापेक्षा पाण्यात ठेवून गरम करा. घरात तोक्कुरी असेल तर ती गळ्याच्या किंचित खालपर्यंत भरा, काठोकाठ नको, कारण तापली की साके फुगून वर चढते. पातेल्यात किती पाणी लागेल ते आधी भरलेली तोक्कुरी उभी करून बघून घ्या. आतल्या साकेइतकी बाहेरच्या पाण्याची पातळी हवी. मग तोक्कुरी काढून पाणी उकळा, गॅस बंद करा आणि लिटरभर आधणात पाव लिटर साधं पाणी ओता. पाणी ८०-८५ अंशांवर येतं. आता तोक्कुरी आत उभी करा आणि तोंडावर छोटी वाटी पालथी घाला, म्हणजे सुवास बाहेर जात नाही. खोलीच्या तापमानाची साके दोन-अडीच मिनिटांत ४० च्या आसपास येते, चार मिनिटांत ५० च्या जवळ. तोक्कुरी जाड असेल तर याहून वेळ लागतो. स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर आत घालून ढवळून वाचा. जुने लोक तोक्कुरीच्या बुडाला बोट लावून ओळखतात, पण हाताला ती जाण यायला रोजचं काम लागतं.

तोक्कुरी नसेल तर घरातला उंच स्टीलचा पेला घ्या. जपानमध्ये धातूचं चिरोरी नावाचं भांडं याच कामासाठी असतं, कथिलाचं, तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं. पातळ धातूतून उष्णता लवकर आत जाते, म्हणून वेळ साधारण निम्मा धरा आणि नजर हलवू नका. प्यायचे पेलेही गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. गार चिनीमातीच्या ओचोकोत ४५ ची साके ओतली की तीन-चार अंश जागच्या जागी उतरतात, आणि मग तुम्ही ज्याला जोकान समजता ती नुरुकान असते. वाइनच्या पोटफुगीर ग्लासात गरम साके ओतू नका. त्यात वाफ कोंडते आणि नाक आत घातलं की मद्यार्काशिवाय काही कळत नाही. पसरट, उघड्या तोंडाचा पेला बरा.

आता चाखण्याची रीत. दोघे-तिघे मिळून करा, एकट्याने करायला साके जास्त होते. बाटली आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवा. पहिला घोट १० अंशांना, मग एक पेला बाजूला ठेवून २० ला. त्यानंतर १८० मिलि साके तोक्कुरीत घेऊन गरम करायला लागा आणि ३५, ४०, ४५, ५० ला प्रत्येकी एकेक घोट काढून घ्या. ५५ ला जाऊन थांबा, तोक्कुरी पाण्यातून बाहेर काढा आणि निवताना ४५ आणि ४० ला पुन्हा चाखा. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी टिपा: नाकाला काय आलं, तोंडाच्या मध्यावर काय भरलं, गिळल्यावर किती वेळ आणि काय उरलं. आवडलं-नावडलं हे सगळ्यात शेवटी लिहा. मध्ये मध्ये साधं पाणी पीत राहा. जपानी लोकही साकेइतकंच पाणी सोबत ठेवतात, त्याला यावारागी-मिझु म्हणतात. घोट थुंकून टाकायलाही लाजू नका, आम्ही कामावर तेच करतो.

शिकाऊ मंडळी कारखान्यातल्या परीक्षेसारखा निळ्या वर्तुळांचा पांढरा पेला विकत घेतात. तो किकिचोको. निळ्या-पांढऱ्या कडेवरून साके किती नितळ आहे आणि पांढऱ्या तळावर तिचा रंग कसा आहे ते दिसतं. नव्या साकेची राष्ट्रीय परीक्षा १९११ पासून चालू आहे, आणि तिथे परीक्षक साधारण २० अंशांनाच चाखतात, कारण त्या तापमानाला दोष लपत नाही. दोष शोधायला ते बरोबर आहे. पण त्या परीक्षेत सुवर्णपदक मिळालेली दाइगिंजो तुमच्या जेवणाच्या ताटाशेजारी गरम करून कशी लागेल, हे त्या पदकावरून कळत नाही.

महाराष्ट्रात चाखताना एक गोष्ट पाळायलाच हवी. जपानी पुस्तकं ‘खोलीचं तापमान’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात २० अंश असतात. मुंबईत पंख्याखाली ठेवलेली बाटली बहुतेक वर्षभर ३० च्या आसपास असते, म्हणजे ती आधीच हिनाताकान झालेली आहे. नागपूरच्या मे महिन्यात तर ती हितोहादाकानही ओलांडून जाते. तेव्हा ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा घेऊ नका. फ्रिजमधून काढून थर्मामीटरने २० मोजा. आणि बाटली बाहेर ठेवूच नका. ऊन आणि उष्णता साकेचे वैरी आहेत. गरमीत पडून राहिलेल्या साकेत मुरवलेल्या मुळ्याच्या लोणच्यासारखा शिळा वास धरतो, त्याला हिनेका म्हणतात, आणि साके गरम केली की तो दुप्पट जाणवतो. भारतात विकत घेताना बाटली दुकानात उन्हाच्या काचेमागे उभी होती का, हे बघून घ्या.

जेवणाचं म्हणाल तर जपानात गरम साके ओदेन आणि नाबे हे रश्श्यात शिजवलेले पदार्थ आणि मुळ्याबरोबर शिजवलेला बुरी मासा यांच्याबरोबर जाते. तेलकट, उमामीने भरलेलं अन्न तिला मानवतं. आपल्याकडे तव्यावर तळलेला बांगडा किंवा भाजलेला सुका बोंबील आणि ४५ ची यामाहाई ही जोडी मी मनापासून सुचवीन. फक्त तिखट सांभाळा. मिरचीतलं कॅप्सायसिन, उष्णता आणि मद्यार्क हे तिन्ही तोंडातल्या एकाच संवेदकाला, टीआरपीव्ही-१ ला, चेतवतात. मद्यार्कामुळे तो संवेदक कमी तापमानालाच ‘भाजलं’ म्हणायला लागतो. म्हणून ठेच्याबरोबर आत्सुकान घेतली तर नुसता जाळ होतो, चव उरत नाही. तिखट जेवण असेल तर साके ३५ च्या वर नेऊ नका, किंवा सरळ १५ ला ठेवा.

पुढच्या वेळी कोणती आणायची? गरम करायची असेल तर लेबलावर किमोतो किंवा यामाहाई शोधा, साधी जुनमाई घ्या, तांदूळ ६५ ते ८० टक्के राखलेला असला तरी कमी समजू नका. आम्लता १.६ किंवा त्याहून जास्त लिहिली असेल तर उत्तम. किंचित पिवळसर रंग हे मुरल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरू नका. दाइशिची तर सांगितलीच. नादामधल्या किकु-मासामुनेची किमोतो, इशिकावाच्या तेंगुमाईची यामाहाई, साइतामाच्या शिंकामेची मुरवलेली जुनमाई या सगळ्या गरम होण्यासाठीच जन्मल्यासारख्या आहेत. शिंकामेने १९८७ पासून जुनमाईशिवाय दुसरं काही केलेलं नाही. होंजोझोलाही नाकं मुरडू नका. तिच्यात थोडा बाहेरचा मद्यार्क असतो, पण त्यानेच ती हलकी राहते आणि ४५-५० ला जेवणाबरोबर भराभर पिता येते.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून एक शोध सुचवते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ज्या ओकायामाशी असलेल्या मैत्रीची खूण आहे, तिथलाच ओमाची हा साकेचा जुना तांदूळ. उंच वाढतो, पिकवायला कठीण, पण त्याच्या साकेत भरीव, मातकट गोडवा असतो. ओमाचीची जुनमाई मिळाली तर ती २० ला आणि ४० ला शेजारी शेजारी ठेवून बघा. यामादा-निशिकी या साकेच्या दुसऱ्या तांदळाच्या सरळ, सुबक चवीपुढे ही वेगळीच लागते.

लेबलावर गेन्शु असेल तर ती पाणी न मिसळलेली, १८ टक्क्यांच्या आसपासची असते. ती तशीच गरम केली तर बोचते. १०० मिलि साकेत १२ मिलि चांगलं पाणी घातलं की ती १६ टक्क्यांवर येते. पाणी आधी घाला, मग गरम करा. नामाझाके, म्हणजे पाश्चरीकरण न केलेली, आणि फेसाळ साके या गारच ठेवा.

तुमच्या उरलेल्या दाइगिंजोचं असं करा. बाटली उभी, घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा, कारण उघडल्यावर तिचा सुवास रोज थोडा थोडा उतरत जातो. पिताना फ्रिजमधून काढून पाव तास थांबा, १२ ते १५ अंशांना मध्यम आकाराच्या वाइनच्या ग्लासात घ्या. गार साकेला तो ग्लास शोभतो. ५ अंशांना तिचा वासही येणार नाही आणि पैसे वाया जातील. एखादा पेला मात्र वर सांगितल्यासारखा पाण्यात ठेवून फक्त ३५ पर्यंत न्या. काही दाइगिंजो तिथे अनपेक्षित मऊ होतात, आणि तुमची त्यातली आहे की नाही हे एका पेल्यात कळेल. ४० च्या पुढे नेऊ नका. तरीही तळाला थोडी उरलीच तर तिसऱ्यांचे शिंपले धुऊन पातेल्यात घाला, ही साके वर ओता, झाकण ठेवून मोठ्या आचेवर शिंपले उघडेपर्यंत वाफवा आणि शेवटी चार थेंब सोया सॉस टाका. जपानात आसारी शिंपले असेच करतात.